ठाण्याहून जुन्नरची दोन दिवसांची सहल: पहिल्यांदाच जमवणाऱ्यांसाठी

सोसायटीची, भिशीची किंवा ज्येष्ठ नागरिक कट्ट्याची सहल निघते तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘कुठे जायचं?’ आणि घोडं तिथेच पेंड खातं. एकाला कोकण हवं, दुसऱ्याला महाबळेश्वर, तिसरी म्हणते, ‘कुठेही चालेल, फक्त फार चालायला नको.’ ठिकाणाचा विषय मागे ठेवा. आधी कोण येणार, मग कधी, मग गाडी कोणती, हे ठरलं की ठिकाण बहुतेक आपोआप ठरतं.

इथे मी पंचवीसेक माणसं, आजोबांपासून नातवंडांपर्यंत, एक मुक्काम आणि जुन्नर तालुका एवढं धरून लिहिते आहे. ठाण्याहून माळशेजमार्गे जुन्नर एका बाजूने साधारण १३०-१४० किलोमीटर आहे. वाटेत घाट, वर गेल्यावर धरणं आणि शेती, शिवाय शिवनेरी, लेण्याद्री, ओझर असं सगळं एकाच तालुक्यात आहे. राज्य सरकारने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, त्यानंतर मुक्कामाच्या सोयीही वाढल्या.

आधी माणसं

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोलला भुलू नका. तिथे अंगठा दाखवणं फुकट असतं. ‘आम्ही चौघं नक्की’ म्हणणाऱ्यांपैकी दोघांच्या ऑफिसात नेमकं त्याच शनिवारी काम निघतं. त्यामुळे यादी एकच ठेवा, ज्यांचे पैसे आले त्यांची. बाकीचे इच्छुक.

पैसे घेतानाच प्रत्येक घराला तीन गोष्टी विचारा. तीनशे पायऱ्या चढवतील का? गाडी लागते का? खाण्याचं काय, म्हणजे शाकाहारी, जैन, उपवास, मधुमेह? सगळ्यांसमोर ग्रुपवर कुणी ‘माझे गुडघे गेलेत’ असं लिहीत नाही, म्हणून हे फोनवर विचारायचं. पायऱ्यांना ‘नाही’ म्हणणारे निम्मे निघाले तर गडाचा बेत आताच बाजूला ठेवा. तिथे पोहोचल्यावर निम्मी बस पायथ्याशी ताटकळली की दिवसभर त्याचीच चर्चा होते.

काम वाटून घ्या, पण दोघांतच. एकाकडे पैसे, दुसऱ्याकडे यादी आणि फोन. पाच जणांची समिती केली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बसवाल्याशी बोलणं केलंय.

तारीख

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्याच मोठ्या सहलीला पावसाळा नको. माळशेज पावसात सुंदर दिसतो यात वाद नाही, पण दरडी कोसळतात, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही आणि धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेशही निघतात. त्यातून शनिवार-रविवारी अर्धी मुंबई तिथेच लोटलेली असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. हवा थंड, शेतात ज्वारीचा हुरडा आणि जानेवारीच्या पुढे नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात द्राक्षं.

तारीख टाकण्याआधी कालनिर्णय उघडा. संकष्टी असेल तर ओझर आणि लेण्याद्रीला रांग, अंगारकी असेल तर विचारायलाच नको. १९ फेब्रुवारीच्या आसपास शिवजयंतीसाठी शिवनेरीवर राज्यभरातून लोक येतात. तो सोहळा पाहायलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन नव्हे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, त्या घरातलं कुणीच येत नाही. आणि मार्गशीर्षातला गुरुवार सहलीत येत असेल तर निम्म्या बायका उपवासाच्या, हे स्वयंपाक करणाऱ्यांना आधी सांगायला हवं.

बस

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सहल बिघडते ती बहुतेक बसमुळे किंवा संडासामुळे.

पंधरापर्यंत माणसं असतील तर १७ सीटांची टेम्पो ट्रॅव्हलर पुरते. पंचवीसच्या आसपास असाल तर २७ सीटांची मिनी बस बघा आणि दोन-तीन जागा मोकळ्या सुटू द्या. पिशव्या, झोपलेलं मूल, मळमळणारी मावशी यांना त्या लागतात. ४५ सीटांची मोठी बस स्वस्त पडते असं वाटतं, पण कृषी पर्यटन केंद्रं बहुतेक शेतात असतात आणि शेवटचा रस्ता अरुंद असतो. ‘तुमच्या दारापर्यंत किती मोठी बस येते?’ हे मुक्कामाच्या मालकाला विचारूनच गाडी ठरवा.

भाड्याचं गणित नवख्यांना फसवतं. बाहेरगावच्या फेरीला दर किलोमीटरवर असतो, पण दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटरचे पैसे लावतात. आपली दोन दिवसांची धाव फिरून-बिरून साडेतीनशेच्या आसपास, बिल मात्र सहाशेचं. म्हणून ‘एका किलोमीटरला किती’ असं न विचारता ‘शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत, माळशेज-ओझर-जुन्नर, सगळं धरून किती’ असं विचारा. ‘सगळं’ म्हणजे डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा बाटा आणि रात्रीचा मुक्काम. हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी ठरलेला टोल परतताना हमखास वेगळा निघतो.

नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असली पाहिजेत. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी ‘ओळखीतली आहे, स्वस्तात देतो’ म्हणून कुणी पुढे केली तर नको म्हणा. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न येतो. आदल्या दिवशी गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाका, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. आम्हाला एका ट्रॅव्हल्सवाल्याने फोटोत नवीकोरी बस दाखवली आणि पहाटे दारात उभी केली ती खिडक्या न सरकणारी. तेव्हापासून ‘हीच गाडी येणार, नंबरसकट’ असं लिहून आल्याशिवाय आम्ही अ‍ॅडव्हान्स देत नाही.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या. चढावर एसी चालू राहतो का? बरेच ड्रायव्हर घाटात तो बंद करतात. दुसरी, ड्रायव्हर झोपणार कुठे? त्याला बसमध्येच झोपवू नका, मुक्कामाच्या ठिकाणी एक खाट मागा. सकाळी घाट उतरवायचा आहे, त्याची झोप झालेली असणं तुमच्याच फायद्याचं.

एसटीचाही पर्याय आहे. आगारात जाऊन पूर्ण बस ठरवता येते, त्याला प्रासंगिक करार म्हणतात. माणसं आठ-दहाच असतील तर कल्याणहून माळशेजमार्गे जाणाऱ्या नेहमीच्या गाड्या आहेतच. त्यात महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ हवं. चार मैत्रिणी आणि दोन सासवा असा गट असेल तर यापेक्षा स्वस्त काही नाही, फक्त तिथे गेल्यावर फिरायला स्थानिक जीप ठरवावी लागेल.

मुक्काम

जुन्नर तालुक्यात हॉटेलं आहेत, माळशेजला एमटीडीसीचा रिसॉर्ट आहे, पण अशा गटाला मी कृषी पर्यटन केंद्र सुचवेन. दर माणशी असतो, त्यात दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, चहा आणि शेतातला फेरफटका येतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, त्यानुसार केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

फोटोतला झोपाळा आणि बैलगाडी पाहून बुकिंग करायचं नाही. संडास किती, त्यातले कमोडचे किती? सकाळी सहा ते आठ या वेळात पंचवीस माणसांना तीन संडास म्हणजे रांग लागणारच. गरम पाणी बंबाचं की गिझरचं? वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? तळमजल्यावर किती खोल्या? मोठ्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपवणार असतील तर बायकांची आणि पुरुषांची सोय वेगळी आहे का? घोरणाऱ्यांची मात्र वेगळी सोय कुठेच नसते. शक्य असेल तर दोघांनी एक रविवार काढून जागा पाहून यावी, भाकरीची चवही कळते.

जेवणात या भागाची मासवडी सांगून ठेवा. नाव मासवडी असलं तरी पूर्ण शाकाहारी. बेसनाच्या पातळ आवरणात तीळ, खोबरं, लसूण, कांदा असं सारण भरून वळलेली वडी आणि सोबत झणझणीत रस्सा. आयत्या वेळी होत नाही, आदल्या दिवशी सांगावं लागतं. पोरांसाठी कमी तिखटाचं वरण-भात वेगळं सांगा, नाहीतर ती दोन दिवस बिस्किटांवर काढतात.

पैसे

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बसचं भाडं माणसं कमी झाली म्हणून कमी होत नाही. समजा बस सगळं धरून २८,००० रुपये, मुक्काम-जेवण माणशी १,६०० आणि तिकिटं-चहापाणी माणशी २००. (दर माझ्या मनाचे आहेत, फक्त गणित कळावं म्हणून.) २८ माणसं आली तर प्रत्येकी २,८००. सहा जण गळाले आणि २२ उरली तर प्रत्येकी जवळपास ३,०७५. वरचे पावणेतीनशे मग ऐनवेळी कुणाकडे मागणार? म्हणून दर काढताना यादीतली चार माणसं कमी धरा. इथे २४ माणसांवर हिशेब केला की साधारण ३,००० येतात, तेवढे गोळा करा. सगळे आले तर पैसे उरतील.

रद्द करण्याचा नियम पहिल्याच मेसेजमध्ये टाका. आठ दिवस आधीपर्यंत जेवणाचे पैसे परत, बसचे नाहीत, बदली माणूस दिला तर सगळे परत. नंतर सांगितलं की भांडण, आधी सांगितलं की नियम. मुलांचा दरही तेव्हाच ठरवा. सीट अडवणाऱ्या मुलाचे बसचे पैसे पूर्ण, जेवणाचे केंद्र सांगेल तसे. पैसे एकाच यूपीआय नंबरवर घ्या आणि आले की ग्रुपवर नावासकट टाका. अर्धी वसुली त्या यादीकडे बघूनच होते.

पहिला दिवस

निघायची वेळ पहाटे साडेपाच. ग्रुपवर मात्र पाच लिहा. बसची थांबण्याची ठिकाणं दोनच ठेवा, एक तीन हात नाका आणि दुसरं माजिवडा किंवा कापूरबावडी. घोडबंदरवाल्यांनी कापूरबावडीला यायचं. प्रत्येकाच्या गेटवर बस न्यायला लागलात तर ठाण्यातच सात वाजतात, आणि सात वाजता नाशिक हायवेवर आणि कल्याणला काय होतं ते ठाणेकरांना मी सांगायला नको.

रस्ता असा: माजिवडा, नाशिक हायवे, रांजणोली नाका, कोन, दुर्गाडी, कल्याण, शहाड आणि मग मुरबाड रोड. शहाडचा पूल उजाडायच्या आत ओलांडला तर निम्मी लढाई जिंकलात. नवी मुंबईची मंडळी महापे-शिळफाट्याने कल्याणला येऊ शकतात, किंवा एक्स्प्रेसवेने तळेगाव, चाकण, नारायणगाव असं फिरून. दुसरा रस्ता लांबचा आणि चाकणची कोंडी बेभरवशाची, त्यामुळे माझी पसंती पहिल्याला.

पहिला थांबा मुरबाड. ज्यांना जायचंय त्यांनी इथेच जाऊन घ्यावं, पुढे बरी स्वच्छतागृहं कमी आहेत. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घाटात नाही, इथे घ्यायची. त्यांना पुढच्या सीट द्या आणि बाकीच्यांना खिडकीसाठी अदलाबदलीचा नियम लावा. आलेपाक, आवळा सुपारी आणि रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या ड्रायव्हरमागच्या कप्प्यात, हाताशी.

टोकावड्याच्या पुढे वैशाखरे गाव येतं. तिथे उजव्या हाताच्या डोंगररांगेत वर उचललेला सुळका दिसतो, तो नानाचा अंगठा. त्याच्या बाजूने नाणेघाट चढतो. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला जायचा. वर लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, त्यात दानांचे आकडे कोरलेले आहेत आणि भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. बाहेर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण. म्हणजे आपण बसने जातोय ती वाट नवी, पण कल्याणहून जुन्नरला जायची खोड दोन हजार वर्षांची. हे माइकवरून दोन मिनिटांत सांगा, पोरं ऐकतात. प्रत्यक्ष नाणेघाट मात्र या सहलीत घेऊ नका. जुन्नरहून घाटघरमार्गे वरपर्यंत गाडी जाते खरी, पण त्यात अर्धा दिवस मोडतो.

माळशेजला वीस मिनिटं पुरेत. गाडी ठरलेल्या पार्किंगमध्येच लावायची, वळणावर उतरून फोटो नाहीत, माकडांना खायला नाही. घाट चढताना गाणी बंद, ड्रायव्हरला हॉर्न ऐकू आला पाहिजे. वर आलात की पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी बराच वेळ बाजूला दिसत राहतं. नाश्ता ओतूरकडे किंवा घरून आणलेला. मी घरचाच म्हणेन. तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी चटणी आणि थर्मासमधला चहा, म्हणजे हॉटेलात पंचवीस ऑर्डरींची वाट बघत पाऊण तास जात नाही.

साडेदहापर्यंत ओझर. विघ्नेश्वराचं देऊळ सपाटीवर, कुकडीच्या काठी, येडगाव धरणाच्या पाण्याजवळ आहे. पायऱ्यांचा त्रास नाही, त्यामुळे सगळ्यांनी मिळून पाहायचं ठिकाण हेच. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला असं सांगतात. वसई ठाण्याच्या शेजारचीच, तेवढा धागा सांगायला विसरू नका. दर्शनासाठी तास धरा, चपला बसमध्येच सोडा.

एक वाजता मुक्कामी जेवण आणि तीनपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. मग शेत, हुरडा, गप्पा. हुरडा गरम असतानाच खायचा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेलं कणीस हातावर चोळलं की कोवळे हिरवट दाणे सुटतात, त्यावर फुंकर मारायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. पहिल्या दोन मुठी भराभर जातात. जास्त झाला तर पोटाला जड, म्हणून रात्रीचं जेवण हलकंच सांगा.

अंधार पडल्यावर एक नियम कडक पाळायचा. हा बिबट्यांचा तालुका आहे, उसात त्यांचा वावर असतो, माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्रही आहे. घाबरायचं कारण नाही, पण मुलांनी उसाच्या कडेला एकटं जायचं नाही आणि शतपावली आवारातल्या दिव्यांखालीच करायची. मालक जे सांगेल ते शेवटचं.

दुसरा दिवस

एक चढण सकाळी, एवढाच कार्यक्रम. शिवनेरी किंवा लेण्याद्री, दोन्ही नाही. टूरवाले एका दिवसात दोन्ही, शिवाय खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण असं छापतात. त्या दुर्बिणीला आधी परवानगी लागते आणि पंचेचाळीस मीटर व्यासाची तबकडी रस्त्यावरून बघून मुलं एवढंच विचारतात की आत का जायचं नाही.

मी शिवनेरी निवडेन. बस पायथ्याच्या वाहनतळापर्यंत जाते. सातला चढायला लागलात तर सात दरवाजे ओलांडत, शिवाई देवीचं दर्शन घेत, जन्मस्थानाची इमारत, बदामी तलाव आणि कडेलोट टोक पाहून दहा-साडेदहाला खाली येता. ज्यांना पूर्ण जमणार नाही त्यांनी पहिल्या एक-दोन दरवाजांपर्यंत जाऊन सावलीत बसावं, सोबत एक धडधाकट माणूस ठेवावा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तर टाळा. पायात बूट, चपला नकोत. प्रत्येकाकडे पाण्याची बाटली आणि रिकामी बाटली परत खाली.

गट देवदर्शनाचा असेल तर लेण्याद्री घ्या. सुमारे तीनशे पायऱ्या, पुरातत्त्व खात्याचं तिकीट, माकडांमुळे हातात पिशवी नको. तीसेक बौद्ध लेणी आहेत, त्यातल्या सातव्यात गिरिजात्मज. एवढा मोठा सभामंडप आणि मधे एकही खांब नाही, हे दर्शनाच्या गडबडीत लोकांच्या लक्षातच येत नाही. थांबून वर बघायला सांगा.

साडेबाराला जेवण, अडीचला बस सुरू. ‘नारायणगावला द्राक्षं घेऊ’ अशी टूम निघणारच, तेव्हा मुक्कामाच्या मालकालाच सकाळी पेट्या आणून ठेवायला सांगा. घाट उजेडात उतरायचा, रविवारी संध्याकाळी शहाड-दुर्गाडीला अडकायचं हे गृहीत धरायचं आणि घरच्यांना आठची वेळ सांगायची.

बसमध्ये चढताना दर वेळी माणसं मोजा, नावं घेऊन. ‘सगळे आले ना?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात, न आलेला सोडून. औषधांच्या डब्यात ओआरएस, तापाची गोळी, पट्ट्या, क्रेप बँडेज. १०८ आणि ११२ हे नंबर यादीवरच छापा, आणि ज्येष्ठांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत आहेत, डिकीत नाहीत, याची स्वतः खात्री करा.

सोमवारी हिशेब ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोंसकट. पैसे उरले तर माणशी भागून त्याच दिवशी परत पाठवा. ‘राहू दे, पुढच्या सहलीला वापरू’ असं दोघं-तिघं म्हणतील, तरी पाठवा. पुढच्या वेळची यादी निराळी असणार आहे.